क्षत्रपाच्या जागी चवली

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा त्या घरात माणसं दोनच होती, मामंजी आणि हे. सासूबाई आधीच गेल्या होत्या. घर म्हणजे एका दुमजली इमारतीचा तळमजला, मागे विहीर, विहिरीपलीकडे भातखाचरं आणि त्यापलीकडे डोंगर. पुढच्या खोलीत एक सागवानी कपाट होतं. त्याला उथळ खण होते, खणांत निळी मखमल आणि मखमलीत नाण्याच्या मापाच्या गोल खाचा. सासऱ्यांना नाण्यांचा नाद होता. नाद म्हणजे किती, तर कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली असायची.

मामंजी कोर्टात शिरस्तेदार होते आणि तिथूनच निवृत्त झाले होते. आमची दोन्ही घरं मूळची कोकणातली, एकाच जातीची, गावंसुद्धा एक खाडी सोडून. पण त्यांच्या वडिलांनी मास्तरकी केली आणि माझे वडील मुंबईत येऊन गिरणीत लागले. तेवढ्या फरकावर मामंजींनी मजल्यावर मजले चढवले होते. मुलगी मॅट्रिक आहे, अक्षर चांगलं आहे, उजळ आहे, म्हणून गिरणीवाल्याची असूनही करून घेतली, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. रागावून नाही. माहिती म्हणून सांगितलं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतली गोष्ट. मी देवाची भांडी चिंचेने घासत होते. टेबलावर बशीत पाचसात तांब्याची नाणी पडली होती, काळीकुट्ट. मला वाटलं, सणाचे दिवस आहेत, तीही उजळून ठेवावीत. घासून पुसून बशीत ठेवली. छान लाल झाली होती. मामंजी बाहेरून आले, बशीकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. शिवराया होत्या त्या, शिवकाळातल्या. तांब्यावर चढलेला तो काळा थर हेच जुन्या नाण्याचं कातडं असतं, आणि मी ते सोलून काढलं होतं, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मला कुणी समजावलं नाही. शेजारचे दोघं फराळाला आले होते, त्यांच्यासमोर मामंजी म्हणाले, "गिरणीतली अक्कल. यंत्र पुसायचं तसं सगळंच पुसायचं."

ते दोघं हसले. हेही हसले, थोडंसं. त्या दिवसापासून मी कपाटाला हात लावला नाही.

हे असं पुष्कळ होतं. मी माहेरची भाषा बोलायची नाही. माहेरच्या माणसांनी पुढच्या दाराने येऊन मागच्या खोलीत बसायचं. ते मी फार मनाला लावून घेत नव्हते. सासर म्हणजे असं असतं, असं आई म्हणाली होती आणि मला ते खरं वाटत होतं. राग धरावा असं काही घडलं ते माझे वडील आजारी पडले तेव्हा.

वडील छातीच्या दुखण्याने बरेच दिवस अंथरुणाला खिळले होते. लालबागच्या चाळीतच होते. आमच्या मुलुंडहून काही काशी-रामेश्वर नव्हतं ते, तासा-दीड तासाचा रस्ता. एक दिवस सकाळी माझा थोरला भाऊ दारात आला. रात्रपाळी करून तसाच निघाला होता, केसांत कापसाचे तंतू होते.

"गो, बाबाक बरां नाय," तो म्हणाला. "डॉक्टरान आशा सोडल्यान. तुका एकदा बघूचा आसा म्हणतत. चल बेगीन."

मी पदर खोचून आत वळले, पिशवी घ्यायला. मामंजी पुढच्या खोलीत नाण्यांचे खण मांडत होते. त्या संध्याकाळी दादरहून एक इतिहासाचे प्राध्यापक आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघे संग्रह बघायला यायचे होते. मामंजींनी मान वर न करता भावाला विचारलं, "मराठीत सांगता येत नाही का?"

भावाने मराठीत सांगितलं.

"आज संध्याकाळी पाहुणे आहेत," मामंजी म्हणाले. "फराळाचं कोण बघणार? पाहुणे गेले की येईल ती. नाहीतर उद्या सकाळी."

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी ह्यांच्याकडे बघत होते. हे आरशासमोर भांग पाडत होते. म्हणाले, "थांब ना एवढं. संध्याकाळी मीच पोचवतो तुला."

भाऊ "बरां" म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. त्याला पाणीसुद्धा विचारायचं राहिलं.

पाहुणे उशिरा आले आणि उशिरापर्यंत बसले. मी कांदाभजी तळली, घाण्यावर घाणे. प्राध्यापक आवडीने खाणारे होते. आतून मला ऐकू येत होतं, हे नाणं कुठल्या राजाचं, ते कुठे सापडलं. अंधार पडून गेला तेव्हा ते उठले. "आता कुठे जातेस, सकाळी जा," हे म्हणाले. सकाळी आम्ही निघायच्या आधीच चाळीतला एक माणूस निरोप घेऊन आला. मी पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. वडील आदल्या संध्याकाळीच गेले होते. तोंडात तुळशीचं पान होतं. आई एवढंच म्हणाली, "सारखे दाराकडे बघीत होते."

दिवसवार उरकून मी सासरी परतले. मामंजी आरामखुर्चीत होते. मी आत जात होते, तर त्यांनी हाक मारली. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. ते म्हणाले, "त्या दिवशी भजी फार छान झाली होती बरं का. प्राध्यापक फार नावाजत होते."

तो माणूस मला बरं वाटावं म्हणून हे बोलत होता. ते मला कळलं, आणि म्हणूनच माझ्या मनात जे बसलं ते पुन्हा उठलं नाही. शिवी दिली असती तर मी विसरले असते.

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांचे डोळे जायला लागले. काचबिंदू होता. आधी दिव्याभोवती रंगांची वर्तुळं दिसत, मग बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. मोठमोठ्या डॉक्टरांना दाखवलं. गेलेलं परत येणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. शेवटी खिडकी कुठे आहे एवढं कळायचं. कपाट उघडून ते एकेक नाणं हातात घेऊन बसत आणि उजेडाकडे धरत, जणू नीट धरलं तर दिसेल. मी भाजी निवडता निवडता बघत बसायची. मला वाईट वाटत नव्हतं. लोक असं लिहीत नाहीत, पण मला खरंच वाईट वाटत नव्हतं.

नवे पैसे चलनात आले तेव्हाची गोष्ट. आण्याचे पैसे करताना बाजारात रोज भांडणं व्हायची, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी जुन्या नाण्यांचा विषय होता. त्या सुमारास मामंजींनी संग्रह विकायचं ठरवलं. पैशांची गरज नव्हती, पेन्शन होतं, ह्यांची नोकरी होती. त्यांना नाव हवं होतं. त्या दादरच्या प्राध्यापकांनी सुचवलं होतं की आमच्या कॉलेजसाठी अख्खा संग्रह घेतो, काचेच्या कपाटात ठेवतो आणि वर पाटी लावतो, अमुक अमुक यांचा संग्रह. ती पाटी मामंजींच्या डोक्यात बसली. पण प्राध्यापकांची एक अट होती. प्रत्येक नाण्याची नीट नोंद हवी. क्रमांक, धातू, वजन, दोन्ही बाजूंवर काय काय आहे, सगळं.

हे ऑफिसात जाणार. घरात लिहिता-वाचता येणारं दुसरं माणूस मीच.

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "दुपारी तुला वेळ असतो ना?"

आणि जानव्याची किल्ली सोडून त्यांनी माझ्या हातात दिली.

मग दुपारची जेवणं आटोपली की आम्ही दोघं टेबलाशी बसू लागलो. मी नाणं सोनाराच्या काट्यावर तोलायची, भिंगातून बघायची आणि दिसेल ते सांगायची. ते आठवून आठवून मजकूर सांगायचे आणि मी सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायची.

"डावीकडे काय आहे?"

"हत्ती."

"सोंड वर की खाली?"

"वर."

"नीट बघ."

"मामंजी, मला दिसतंय."

असं म्हटलं की ते गप्प व्हायचे. मला माहीत होतं की ते गप्प होतील, म्हणून मी दिवसातून एकदा तरी तसं म्हणायची. कधी ते विचारायचे आणि मी उत्तर द्यायला वेळ लावायची. भिंग खाली ठेवायची, पदराने पुसायची, पुन्हा उचलायची. ते हात टेबलावर ठेवून वाट बघत राहायचे. आयुष्यभर दुसऱ्याला ताटकळत ठेवत आलेला माणूस ताटकळताना कसा दिसतो, ते मी अगदी जवळून पाहिलं.

पण कामात मी कसूर केली नाही. करताच येत नव्हती. पहिल्या पंधरवड्यातच मला ती नाणी आवडायला लागली, हेही सांगायला हवं. क्षत्रप राजांची चांदीची इवलीशी नाणी, करंगळीच्या नखाहून थोडी मोठी. त्यांवर राजाचा चेहरा, मिशा, कानात डूल. मागच्या बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि वर चंद्रकोर. कंपनी सरकारच्या पैशावर तराजू. वसईकडचे पोर्तुगीजांचे कथलाचे तुकडे. मामंजी प्रत्येकाची हकिगत सांगायचे, कुठल्या बाजारात, कुठल्या बोहाऱ्याकडे, कितीदा फेऱ्या मारून मिळवलं ते. सांगताना आवाज मऊ व्हायचा. एकदा मी एका नाण्यावरचं पुसट झालेलं अक्षर ओळखलं, तेव्हा ते म्हणाले, "शाबास. छान."

मी पान उलटलं. ते 'छान' मला काही वर्षांपूर्वी, चिंचेच्या बशीपाशी चाललं असतं. आता त्याचं मी काय करणार होते? त्या दुपारी मी स्वयंपाकघरात गेले आणि मनाला बजावलं, विरघळू नकोस.

सूची पूर्ण झाली. प्रत्येक खाचेपाशी मी पुठ्ठ्याचा बारीक तुकडा लावला, त्यावर क्रमांक. मामंजींनी दोघांना बोलावलं. एक ते प्राध्यापक. दुसरा घाटकोपरचा एक कापडाचा व्यापारी, त्याला निवडक चांदीची नाणी तेवढी हवी होती. त्याला मुद्दाम बोलावलं होतं, म्हणजे दुसरा ग्राहक बसलेला पाहून प्राध्यापक लवकर हो म्हणतील. कोर्टात आयुष्य गेलेलं, असल्या गोष्टी त्यांना सांगाव्या लागत नसत. मामंजींनी सगळी सूची तोंडपाठ केली होती. मी रोज वाचून दाखवायची आणि ते मागोमाग म्हणायचे, शाळेतल्या मुलासारखे. आंधळा माणूस नुसत्या क्रमांकावरून एकेक नाणं वर्णन करून सांगतोय, हे पाहून पाहुणे थक्क व्हावेत, अशी त्यांची इच्छा होती.

"आणि हो," आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "भजी कर. प्राध्यापकांना तुझी भजी आवडतात."

तोपर्यंत मी काही ठरवलेलं नव्हतं. राग होता, पण तो घरातल्या जात्यासारखा एका कोपऱ्यात होता. ते वाक्य ऐकलं आणि मला काय करायचं ते कळलं.

सकाळी हे पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले. मामंजी ओट्यावर न्हाव्यापुढे बसले होते, गालाला साबण लावलेला. मी कपाट उघडलं आणि नाणी हलवली. क्रमांकांचे तुकडे जागच्या जागी ठेवले, नाणी तेवढी या खणातून त्या खणात. चांदीच्या जागी चांदी, तांब्याच्या जागी तांबं, आकारही शक्यतो मिळताजुळता. पटकन कळू नये, भरात आल्यावर कळावं.  खण लावले, किल्ली कमरेला खोचली आणि कांदे चिरायला बसले.

पाहुणे आले. मामंजींनी पांढरा कोट घातला होता, टोपी घातली होती. टेबलापाशी ते मधे बसले, एका बाजूला प्राध्यापक, एका बाजूला व्यापारी, हे मागे उभे. मी पहिला खण काढून टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले, हातात भजीची ताटली घेऊन.

मामंजींनी घसा साफ केला. "क्रमांक एक. क्षत्रप राजाचं चांदीचं नाणं. दर्शनी बाजूस राजाचा चेहरा, उजवीकडे तोंड, मिशा स्पष्ट. मागे तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर. हे मला नाशकाच्या एका सोनाराकडे मिळालं. वितळवायला काढलं होतं त्याने."

प्राध्यापकांनी नाणं उचलून भिंगाखाली धरलं, उलटलं, पुन्हा उलटलं.  मामंजी दाद ऐकायला कान देऊन बसले होते. दाद येईना, तेव्हा व्यापाऱ्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, ही तर राणीची चवली आहे. दोन आणे."

"काय म्हणालात?"

"राणी व्हिक्टोरिया. डावीकडे तोंड आहे ना तिचं."

मामंजींनी तळहात पुढे केला. प्राध्यापकांनी त्यावर नाणं ठेवलं. मामंजींनी अंगठा फिरवला. हाताने पाडलेल्या नाण्याची कड कुठे जाड, कुठे पातळ असते. चवली यंत्रातली, सगळीकडून सारखी गोल. त्यांच्या अंगठ्याला ते ताबडतोब कळलं. मी बघत होते, त्यांच्या तोंडावरचं पाणी उतरलं. त्यांनी चाचपडत दुसरं नाणं उचललं, तिसरं उचललं, आणि हात मागे घेतला.

एवढ्यासाठीच मी थांबले होते. आणि तो क्षण मला फार बरा वाटला.

पण तो टिकला नाही. मामंजी कोर्टातले. त्यांनी कोट सारखा केला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "माफ करा. मांडणी आमच्या सूनबाईंनी केली आहे. वडील गिरणीत होते तिचे. अक्षर बरं आहे, पण शिकवून शिकवून किती शिकवणार? सगळी चांदी तिला सारखीच."

व्यापारी हसला. "होतं असं, चालायचंच," प्राध्यापक म्हणाले. ह्यांनीही मान हलवली. सगळी खोली पुन्हा सैल झाली. मी एवढं जे केलं होतं ते त्यांनी एका वाक्यात गिरणीतली अक्कल करून टाकलं. मी सूड घेतला होता आणि त्या खोलीत तो मूर्खपणा म्हणून जमा होत होता.

ते मात्र मला सहन झालं नाही. मी पुढे गेले आणि ताटली टेबलावर ठेवली.

"मामंजी," मी म्हटलं, "माझी चूक झालेली नाही. मी नाणी मुद्दाम हलवली."

 ओट्यावर न्हाव्याने ठेवलेली वाटी वाऱ्याने कलंडल्याचा आवाज आला.

"आत जा," मामंजी हळू म्हणाले.

"सांगते आणि जाते." मी प्राध्यापकांकडे वळले. मामंजींना दिसत नव्हतं, त्यांच्याकडे बघून सांगण्यात अर्थ नव्हता. "काही वर्षांपूर्वी असेच पाहुणे यायचे होते. त्या दिवशी माझे वडील शेवटच्या घटका मोजत होते, लालबागला. माझा भाऊ मला न्यायला या दारात उभा होता. मामंजींनी मला सोडलं नाही. भजी तळायला मी हवी होते. वडील त्याच संध्याकाळी गेले, मी कढईपाशी असताना. मला ही नाणी कळतात. कुठलं कुठे जातं तेही कळतं."

मग मी खाली बसले आणि खण एकामागून एक काढून नाणी जागेवर लावायला लागले. जिने विस्कटलं तिला लावता येणारच, त्यात काही मोठं नव्हतं. पण ते दोघं बघत होते आणि मला त्यांनी बघायला हवं होतं. वेळ लागला. तेवढा वेळ मामंजी कोट घालून ताठ बसून होते. त्यांना फक्त नाण्यांचा आवाज ऐकू येत असणार.

प्राध्यापकांनी एक भजं उचललं होतं, ते त्यांनी ताटलीत परत ठेवलं.

"त्या दिवशी आलो होतो तो मीच," ते म्हणाले. "मी आणि माझे दोन मित्र. भजी मागून घेतली होती मी. पुन्हा."

"हो," मी म्हटलं. "दोनदा."

ते उठले. चपला घालताना त्यांनी मामंजींना सांगितलं, "मला आज नाणी बघवणार नाहीत. नंतर कळवतो." मामंजी म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं, त्यात तुमचा काय दोष?" त्यावर प्राध्यापक म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं ना." आणि गेले. पुढे त्यांच्याकडून काही कळलं नाही. हे एकदा दादरला जाऊन आले, तर कॉलेजचा विचार बदलला एवढंच ऐकून परतले.

त्या रात्री हे मला म्हणाले, "चारचौघांत बोलायला नको होतंस. म्हातारा माणूस आहे, त्यात आंधळा."

"तुम्ही त्या दिवशी भांग पाडत होतात," मी म्हटलं. ते कुशीवर वळले. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

भाऊबीजेला भाऊ आला. मी त्याला पुढच्या खोलीत बसवलं आणि मालवणीत सगळं सांगितलं. मामंजी पलीकडे बसून ऐकत होते, मराठीत बोला म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं, भाऊ खूश होईल. तो बराच वेळ हातातला लाडू फिरवत राहिला.

"तां करून बाबा परत इले काय?" त्याने विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "पण माका बरां वाटलां."

तो पहिल्यांदा हसला आणि म्हणाला, "तुजो सभाव बाबांचोच."

संग्रह शेवटी विकला गेला, पण तुकड्या तुकड्यांनी. घाटकोपरचा व्यापारी महिन्यातून एकदा यायचा. त्याची अट होती, बाई असतील तरच व्यवहार करीन, त्या खोटं सांगायच्या नाहीत. मग मी टेबलाशी बसायची, नाणं दाखवायची, झीज असेल तर झीज सांगायची, जोड असेल तर जोड. त्याच्याबरोबर मालाड-मरोळचे आणखी कोण कोण हौशी यायला लागले. एखाद्याला शिवराई हवी असायची, एखाद्याला तराजूवाला पैसा. मी चिंचेने घासलेल्या शिवरायासुद्धा दाखवल्या आणि सांगितलं, ह्या मी बिघडवल्या, कमी द्या. मामंजी आरामखुर्चीत बसून असायचे. प्रत्येक विक्रीच्या वेळी ते विचारायचे, "कोणतं गेलं?" मी सांगायची. ते त्याचं वर्णन पुटपुटायचे, पाठ केलेलं, अगदी शेवटपर्यंत. नाणी घरोघर पांगली. कुठल्याच घरात त्यांच्या नावाची पाटी लागली नाही. मी मुद्दाम कुणाला कमी भावात दिलं नाही की वाईट माणसाला विकलं नाही. त्याची गरजच नव्हती. एकेक खण रिकामा होताना मला जे हवं होतं ते मिळत होतं.

त्यांचं मी सगळं केलं. वेळेवर जेवण, आंघोळीचं पाणी, रोजचं वर्तमानपत्र वाचून दाखवणं. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. मामंजीही गोड बोलायला लागले होते. माफी त्यांनी मागितली नाही, त्या माणसाला ती मागताच येत नव्हती. पण तिच्या आसपास घुटमळायचे. आज उन्हं जास्त आहेत, तू जरा पड. तुझ्या भावाला बोलाव एखाद्या रविवारी. असं काहीबाही.

शेवटच्या आजारात, एका दुपारी मी वर्तमानपत्र वाचत होते, तर ते मधेच म्हणाले, "सूनबाई, एक विचारू?"

"विचारा."

"तुझ्या वडिलांचं नाव काय होतं?"

लग्नपत्रिकेवर ते छापलेलं होतं. मांडवात दोघं शेजारी शेजारी बसले होते. वर्षानुवर्षं मी त्या घरात राबत होते, आणि त्या माणसाला माझ्या वडिलांचं नाव ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक होऊन तो विसरला होता. चार अक्षरं होती. सांगायला श्वाससुद्धा लागला नसता.

"आता कशाला?" मी म्हटलं.

"असंच. आठवेना."

त्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं होतं, थोडं चुकीच्या बाजूला. हात पांघरुणावर होता, तळवा वर, नाणं घ्यायला धरायचे तसा. मी वर्तमानपत्राची घडी घातली.

"दूध ठेवलंय स्टोव्हवर," मी म्हटलं आणि उठले.

स्टोव्हवर काही नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन खिडकीपाशी उभी राहिले. ते पुन्हा हाक मारतात का, हे मी ऐकत राहिले. त्यांनी मारली नाही.